ताप उतरला त्या दिवशी काय घडत होतं?

पत्र:

डॉक्टर,

गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या आठवड्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला. वय वीस, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. ताप आला म्हणून घरी आला. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी घाम येऊन ताप उतरला, आम्ही देवापुढे साखर ठेवली. दुपारी पोट दुखतंय म्हणाला, दोन-तीनदा उलटी झाली. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यात, पित्त झालं असेल असं मला वाटलं. संध्याकाळी बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडला. दवाखान्यात नेलं तर बीपी लागत नव्हतं. तीन दिवस आयसीयूत काढले. छातीत पाणी झालं, पेशी (प्लेटलेट) अठरा हजारांवर आल्या. देवाच्या दयेने वाचला. तो सातवीत असतानाही त्याला एकदा डेंग्यू झाला होता, पण तेव्हा घरीच बरा झाला होता.

माझ्या जाऊबाई एका कंपनीची अँटिऑक्सिडंट पावडर विकतात. त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. त्यात सांगितलंय की डेंग्यूत माणूस व्हायरसने दगावत नाही, फ्री रॅडिकल्सने दगावतो. २,४०० रुपयांचा डबा, महिन्याला एक, आणि मुलाने कायम घ्यायचा. मुलगाही म्हणतो, "आई, फ्री रॅडिकल्सचं खरं आहे, मी वाचलंय." घ्यावी का पावडर? जाऊबाईंना नाही म्हणणं अवघड आहे. आणि त्या दिवशी मी त्याला सकाळीच नेलं असतं तर?

– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, शेवटचा प्रश्न तुम्ही एका ओळीत लिहून टाकलात, पण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. म्हणून तिथूनच सुरू करते.

ताप उतरला की माणूस बरा झाला, हे आपण लहानपणापासून पाहत आलोय. आजीने कपाळाला हात लावून "उतरला हो" म्हटलं की सगळं घर सैल व्हायचं. बहुतेक तापांमध्ये ते बरोबरही असतं. डेंग्यूचं गणित उलटं आहे. त्यात धोक्याची वेळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे, ताप उतरतानाच सुरू होते आणि एक ते दोन दिवस टिकते. पोटदुखी आणि सारख्या उलट्या ही त्या वेळेची खूण असते. तुमच्या मुलाला सकाळी नेलं असतं तर सलाईन काही तास आधी लागलं असतं, हे खरं आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेलीच नव्हती. पहिल्या दिवशी गोळ्या लिहून देताना ती सांगणं हे आम्हा डॉक्टरांचं काम असतं. तुम्ही उशाशी बसून चार रात्री जागलात. ठाऊक नसलेल्या गोष्टीचा दोष स्वतःला लावू नका.

आता पावडर. ती घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते. पण तुमचा मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. फ्री रॅडिकल्सचा आणि गंभीर डेंग्यूचा संबंध खराच आहे. व्हिडिओ बनवणाऱ्याने एक खरी गोष्ट उचलली आणि तिला भलतंच शेपूट जोडलं. म्हणून ती खरी गोष्ट नीट समजून घेऊ.

फ्री रॅडिकल म्हणजे ज्याच्याकडचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलाय असा रेणू. तो स्वस्थ बसत नाही. शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी तिसऱ्याच्या मागे लागतो. पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे वाटेत येईल ते बिघडत जातं. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण आपलं शरीर ही रॅडिकल्स मुद्दाम, स्वतःच्या गरजेसाठी बनवतं. पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात तेव्हा एक खास एन्झाइम वापरून ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल तयार करतात आणि त्याच्या जोरावर जंतूचा निकाल लावतात. काही मुलं जन्मतःच या एन्झाइमशिवाय येतात. त्यांना पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, यकृतात पू होतो, मानेला गाठी येतात, साधी बुरशीसुद्धा जिवावर उठते. चुलीत विस्तव नसेल तर भाकरी भाजणार कशी? विस्तव हवाच. तो चुलीबाहेर पडून गवताच्या छपराला लागू नये, एवढंच. ते पाहायलाही शरीराने आपली माणसं नेमलेली आहेत: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन. यातलं पहिलं एन्झाइम १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ही मंडळी पेशीच्या आतच असतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आपलं काम करतात.

डेंग्यूत हा विस्तव छपरापर्यंत जातो कसा?

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध शरीरात पक्क्या अँटिबॉडी तयार होतात. पुढे वेगळ्या प्रकाराचा विषाणू आला की या जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट, पांढऱ्या पेशी अँटिबॉडी पाहून त्याला आत घेतात आणि विषाणूला वाढायला आयतं घर मिळतं. स्कॉट हॉलस्टेड या डॉक्टरांनी थायलंडमधल्या मुलांवर काम करताना ही कल्पना मांडली. क्युबात तिचा फार दुःखद पडताळा आला. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि सौम्यपणे निघून गेली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची आली. ३ लाख ४४ हजारांहून जास्त लोक आजारी पडले, १५८ दगावले, त्यात १०१ मुलं होती. गंभीर झालेल्यांमध्ये बहुतेकांना आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेला होता. तुमच्या मुलाचा सातवीतला साधा डेंग्यू आणि गेल्या वर्षीचा जीवघेणा डेंग्यू यांच्यातला दुवा बहुधा हाच असावा.

विषाणू असा भरमसाट वाढला की त्याचं एक प्रथिन रक्तात ओसंडून वाहू लागतं. मुलाच्या फाइलमध्ये 'एनएस-वन पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट असेल, तेच हे प्रथिन. बरीच वर्षं आम्ही त्याच्याकडे निदानाची खूण म्हणूनच पाहत होतो. २०१५ पासूनच्या अभ्यासांत दिसलं की ते स्वतःही घात करतं. रक्तवाहिनीला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, ती ते ओरबाडून काढतं. त्याच वेळी पांढऱ्या पेशी चवताळून टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. मग रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतात. ही दोन्ही एकत्र आली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं आणि ते या दोघांपेक्षा कितीतरी जहाल असतं. अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून सुटू लागतात. तैवानच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. ज्या उंदरांमध्ये ही रॅडिकल्स बनवणारी एन्झाइम्स नव्हती, त्यांच्यात डेंग्यूमुळे होणारा रक्तस्राव बराच कमी झाला. तुमच्या मुलाने वाचलं ते असंच काहीतरी असणार. त्याचं वाचन चुकलेलं नाही.

अस्तराच्या फटींतून रक्तातला पाण्यासारखा पिवळसर भाग झिरपून छातीत, पोटात साठतो. तुमच्या मुलाच्या छातीत झालेलं पाणी ते हेच. ते बाहेरून आलेलं नव्हतं, त्याच्याच रक्तातलं होतं. रक्तवाहिन्यांत मागे राहिलेलं रक्त घट्ट होतं, कमी पडतं, बीपी खाली येतं. डेंग्यूत माणूस बहुतेक वेळा या गळतीने खचतो. पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होण्याने नाही, हे मला इथे ठासून सांगायचंय, कारण सगळं घर पेशींचा आकडा जपमाळेसारखा मोजत बसतं.

मग विस्तवावर पावडर टाकली तर? शंका अगदी रास्त आहे. पण हाच विस्तव सुरुवातीच्या दिवसांत विषाणूशी लढायलाही लागतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या प्रतिकारपेशींमधलं हे रॅडिकल बनवणारं एन्झाइम बंद केलं, तेव्हा डेंग्यूविरुद्धचा त्यांचा प्रतिकारच ढेपाळला. म्हणजे कुठल्या दिवशी, कुठल्या पेशीत, किती विझवायचं हे कळल्याशिवाय हात घालण्यात अर्थ नाही, आणि चमचाभर पावडरीला ते कळत नाही. शिवाय तोंडाने घेतलेली पावडर पचून, यकृतातून जाऊन, नेमक्या त्या फटींपाशी नेमक्या त्या दिवशी पोहोचेल असं मानायलाही आधार नाही.

पूर्वी हा प्रयोग इतर आजारांत मोठ्या प्रमाणावर झालाय. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. कॅन्सर टळेल या आशेने काहींना बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा त्या गटात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. रक्तात जंतुसंसर्ग पसरून आयसीयूत असलेल्या ८७२ रुग्णांची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात व्हिटॅमिन सीचे मोठे डोस शिरेतून दिले होते. मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण व्हिटॅमिन सी घेतलेल्यांत ४४.५ टक्के होतं, न घेतलेल्यांत ३८.५. दोन्ही ठिकाणी तर्क सुंदर होता आणि माणसांचं नुकसान झालं. गंभीर डेंग्यू अशा पावडरीने टळतो, हे कुठल्याही मोठ्या, नीट केलेल्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. महिन्याचे २,४०० म्हणजे वर्षाचे २८,८०० रुपये. एवढ्या पैशांत घराच्या सगळ्या खिडक्यांना जाळी बसते.

अँटिऑक्सिडंटचा डेंग्यूशी खरोखर कुठे संबंध येत असेल तर तो वेगळ्याच जागी, तुमच्या औषधाच्या डब्यात. यकृतातलं ग्लुटाथायोन मी वर सांगितलं. पॅरासिटामॉलचा एक छोटा हिस्सा यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला निरुपद्रवी करतं. डेंग्यूत यकृताला आधीच सूज असते, पोटात अन्न नसतं, साठा उतरलेला असतो. अशा वेळी ताप उतरेना म्हणून दर तीन तासांनी गोळी दिली, वर सर्दीची गोळी दिली, तर तो साठा संपतो, कारण सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉलच असतं. म्हणून मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास. लहान मुलांना वजनावर, डॉक्टरांना विचारून. गोळी दिली की वेळ कागदावर लिहा. मधल्या वेळेत कोमट पाण्याने अंग पुसा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. कुणी ताप झटक्यात उतरवायचं इंजेक्शन देऊ लागलं, तर "डेंग्यूची शंका आहे, त्यात काय आहे ते सांगा" असं स्पष्ट विचारा.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वेळी कुणीतरी आणून देईलच. किवी आवडत असेल तर खाऊ दे. पपईच्या रसाने पेशी थोड्या लवकर वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसतं, पण त्याने गळती थांबते असं दिसलेलं नाही, आणि त्या कडू रसाने आधीच मळमळणाऱ्या पोराला उलटी झाली तर हवं ते पाणीही बाहेर जातं. पेशी तशाही आजार ओसरताना आपोआप चढतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी २० हजार किंवा त्याहून कमी पेशी असलेल्या प्रौढ रुग्णांना, मोठा रक्तस्राव नसताना, पेशींच्या पिशव्या देऊन पाहिल्या. २०१७ मध्ये निकाल आला. पिशव्यांनी रक्तस्राव काही कमी झाला नाही, उलट त्रास जास्त झाले. म्हणून डॉक्टर पिशवी लावत नसतील तर ते हयगय करताहेत असं समजून भांडू नका.

मी नुकतीच एमबीबीएस होऊन एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळी करत होते, तेव्हाची गोष्ट. नऊ-दहा वर्षांची मुलगी, ताप उतरलेला, खाटेवर बसून आईशी बोलत होती. मी तिच्या पेशी पाहिल्या, ६० हजार, आणि पुढच्या खाटेकडे वळले. आमच्या वयस्कर सिस्टरांनी चादर सारून तिची पावलं हातात धरली. म्हणाल्या, "डॉक्टर, पाय गार पडलेत हिचे." मी बीपी घेतलं, ९६ वर ८०. वरचा आणि खालचा आकडा असे जवळ आले की समजायचं, रक्त कमी पडतंय आणि शरीर शिरा आवळून कसंबसं तग धरतंय. लगेच सलाईन सुरू केलं, दर तासाला नाडी आणि लघवी मोजली. पहाटे चारला तिची पावलं कोमट झाली. त्या रात्रीपासून मी डेंग्यूच्या रुग्णाच्या पायांना आधी हात लावते, कागद नंतर पाहते.

तुम्हीही तेच करा. ताप उतरला की पुढचे दोन दिवस पावलं आणि बोटं चाचपा. अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी. पोटात दुखत राहिलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौच काळी झाली, उठल्यावर गरगरलं, पोर गुंगीत गेलं किंवा उगाच तळमळू लागलं, तर त्याच पावली रुग्णालयात न्या, थर्मामीटर काहीही सांगो. तोवर थोडं थोडं पण सारखं पाजत राहा: ओआरएस, पेज, मुगाचं कढण, पातळ ताक, नारळपाणी. नुसतं पाणी नको, त्यातून मीठ मिळत नाही. रुग्णालयात सलाईनही मापात द्यावं लागतं. दोन दिवसांनी गळती थांबते, झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं, आणि आधी भरमसाट दिलेलं असेल तर ते फुफ्फुसात साठतं. म्हणून मधेच थेंब कमी केले तर घाबरू नका. वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर गंभीर डेंग्यूमध्येही शंभरातल्या एकाहून कमी रुग्ण दगावतात. त्यात जादूचं औषध काही नाही. सलाईन आहे आणि लक्ष ठेवणारं माणूस आहे.

मुलाला पुन्हा डेंग्यू होऊ शकतो का? हो, आणखी दोन प्रकार शिल्लक आहेत. पण तिसऱ्यांदा गंभीर होणं फार क्वचित घडतं. त्या भीतीने त्याला घरी बोलावू नका. घरातल्या बाकीच्यांचा विचार मात्र करा. तुमच्याकडे पाणी दिवसाआड येत असेल तर पिंप भरून ठेवावं लागतं, ते टळणार नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवतो. ती शाईच्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एक दिवस कोरडा ठेवा आणि काथ्याने भिंत घासून काढा. वरून सुती कापड घट्ट बांधा. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि तुळशीच्या कुंडीखालची ताटलीही बघा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या सासूबाईंनाही मच्छरदाणी हवी.

जाऊबाईंशी भांडू नका. त्यांनाही पुतण्याची काळजी आहेच. "डॉक्टर म्हणाल्या, आधी त्याच्या रक्ताचा एक रिपोर्ट करून घ्या" असं सांगा. हे नुसतं निमित्त नाही, तो रिपोर्ट मला खरोखरच हवाय. मुलगा ठणठणीत असताना एक साधा सीबीसी करा आणि त्यातला पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट, लिहून ठेवा. रक्त घट्ट झालं की हा आकडा चढतो. समजा त्याचा एरवीचा पीसीव्ही ४० आहे आणि तापात ४८ आला, तर ती २० टक्के वाढ झाली, म्हणजे गळती जोरात चालू आहे. पण ४८ हा आकडा पुरुषांच्या 'नॉर्मल' चौकटीत बसतो, लॅबच्या कागदावर त्यापुढे खूण नसते आणि रात्रपाळीच्या डॉक्टरकडून तो सहज निसटतो. एरवीचा आकडा समोर असेल तर निसटणार नाही. एका कार्डावर लिहा: रक्तगट, पीसीव्ही, 'डेंग्यू दोनदा होऊन गेलाय, दुसऱ्यांदा शॉक'. एक कार्ड त्याच्या पाकिटात ठेवा, आणि एकाचा फोटो त्याच्या हॉस्टेलमधल्या रूम पार्टनरला पाठवा. पुढच्या वेळी पाय गार आहेत का हे बहुधा त्यालाच पाहावं लागेल.